हजार सीसी की साडेपाचशे? एका टर्बो सिटीच्या इंजेक्टरचा हिशेब

२००२ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. कंपनीतून निघताना १०६ अश्वशक्तीची. या गाडीवर जीव टाकणारी मंडळी पुण्यात अजून बरीच आहेत, आणि त्यांच्यापैकी एका तरुणाने तिला टर्बो बसवला होता. फोर्ज्ड पिस्टन, फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड, इंटरकूलर, मूळ कॉम्प्युटरच्या जागी स्वतंत्र ईसीयू. काम बघूनच कळत होतं की घाई कुठेही केलेली नाही. वेल्डिंग स्वच्छ, वायरिंगला नीट स्लीव्ह, टर्बोच्या तेलाच्या नळीला उष्णतेचं कवच.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तक्रार अशी होती: गाडी पूर्ण थ्रॉटलला उत्तम पळते, पण आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता चालू ठेवली की, हंटिंग करते. आरपीएम ७०० ते १३०० मध्ये वरखाली. गरम गाडी बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की पेट्रोलचा वास येतो, कधी बंदही पडते. प्लग काळे. डिपस्टिकवरच्या तेलालाही पेट्रोलचा वास. आधी थ्रॉटल बॉडी बदलून झाली होती, मग आयडल व्हॉल्व्ह, मग हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर. ईसीयूच खराब आहे असंही कोणीतरी सांगितलं होतं.

इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर, होते १००० सीसीचे इंजेक्टर, म्हणजे पूर्ण उघडे ठेवले तर प्रत्येकी मिनिटाला १००० सीसी पेट्रोल देणारे. ऑनलाइन घेतलेले, डब्यावर फक्त '१०००' हा आकडा आणि एक लोगो. सोबत डेटाचा कागद नाही. मालकाचं म्हणणं सरळ होतं, "दादा, मोठेच टाकले. पुढे पॉवर वाढवली तरी टेन्शन नको."

हे वाक्य मी फार वेळा ऐकतो आणि त्यामागचा विचार मला कळतो. इंजेक्टर छोटा पडला तर इंजिन लीन होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) पिस्टन वितळतो. मोठा पडला तर काय, कमी वेळ उघडू. कागदावर हे बरोबर वाटतं. पण इंजेक्टर हा नुसता नळ नाही. तो एका सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडणारा आणि मिटणारा चुंबकीय व्हॉल्व्ह आहे, आणि त्याची खरी परीक्षा लहान मापात होते. या गाडीसाठी इंजेक्टरची निवड मी त्या टोकाकडे बघून केली, म्हणून ती सविस्तर मांडतो.

आधी वरचं टोक, म्हणजे पूर्ण ताकदीला किती इंधन लागणार. मालकाला हवी होती २२० अश्वशक्ती, आणि ती क्रँकवरची, म्हणजे थेट इंजिनाची. हे विचारून घ्यावं लागतं, कारण ताकद मोजणारा डायनो चाकांवरची ताकद दाखवतो आणि लोक तोच आकडा सांगतात. गिअरबॉक्स आणि टायरमध्ये जाणारी ताकदही इंजिनाने इंधन जाळूनच तयार केलेली असते. हिशेब चाकांवरच्या आकड्यावर केला तर इंजेक्टर हमखास लहान येतो.

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त ठेवून, चालवावं लागतं, म्हणून दर अश्वशक्तीला ताशी २७५ ग्रॅम पेट्रोल धरतो. हा आकडा मुद्दाम सढळ आहे. २२० ला गुणलं की ताशी ६०.५ किलो. चार इंजेक्टरमध्ये वाटलं की प्रत्येकी मिनिटाला २५२ ग्रॅम. पेट्रोलची घनता ०.७४५ धरली तर ३३८ सीसी.

हा हिशेब शुद्ध पेट्रोलचा झाला. आपल्या पंपावर ते मिळत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर सुरू झालेलं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पुढच्या दोन वर्षांत जवळपास सगळीकडे पोहोचलं. ऑनलाइन सापडणारे बहुतेक इंजेक्टर कॅल्क्युलेटर आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना धरून लिहिलेले नाहीत. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. ई-२० साठी हा आकडा साधारण १३.५ वर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने सुमारे ९ टक्के जास्त इंधन. इथेनॉल थोडं जड असल्यामुळे आकारमानात फरक साडेसात टक्क्यांच्या आसपास राहतो. ३३८ चे झाले ३६३ सीसी.

टाकीत खरोखर किती इथेनॉल आहे हे आम्ही मोजतो, आणि ते कोणालाही जमण्यासारखं आहे. खुणा असलेल्या काचेच्या मापात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालायचं, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरून २८ च्या आसपास गेला तर ते ई-२० आहे. अर्थात हे काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब करायचं. या गाडीच्या टाकीतला नमुना ई-२० चाच निघाला.

आता ३६३ सीसी लागतात म्हणून ३६३ चा इंजेक्टर घेऊन चालत नाही. ७००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र १७.१ मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टरला उघडायला आणि मिटायला वेळ द्यावा लागतो, म्हणून त्यातला ८० ते ८५ टक्के वेळच वापरायचा. ८० टक्क्यांनी भागलं की ४५४ येतात. माझी किमान मर्यादा ही.

मूळ इंजेक्टर तपासणीच्या बेंचवर ३ बार दाबाला २४० सीसीच्या आसपास भरत होते. दाब ४ बार केला तरी प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जेमतेम १५ टक्के. २७७ सीसीवर गाडी अडली असती. तो पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय मालकाच्या ओळखीच्या मेकॅनिकने सुचवला होता: मित्सुबिशी एक्लिप्स टर्बोचे ४५० सीसीचे जुने इंजेक्टर. होंडावाल्यांमध्ये हे एके काळी फार चालले. आकडा मर्यादेच्या काठावर बसतो, किंमत कमी. पण ते लो इम्पीडन्स आहेत, रोध २ ते ३ ओहम. १४ व्होल्टला त्यातून साधारण पाच ते सात अँपिअर प्रवाह वाहतो, आणि हाय इम्पीडन्ससाठी बनवलेला ईसीयूचा ड्रायव्हर तो झेलू शकत नाही. १२ ओहमच्या इंजेक्टरमधून सव्वा अँपिअरसुद्धा जात नाही, यावरून अंदाज यावा. मधे रेझिस्टरचा डबा बसवून काम भागतं, पण मग इंजेक्टर उघडायला उशीर लावतो. शिवाय वीस-पंचवीस वर्षं वापरलेला सेट, आतल्या गाळण्या कोणत्या अवस्थेत असतील कोण जाणे. ईसीयूला अनुरूप, डेटासह मिळणारे नवे इंजेक्टर बाजारात असताना इथे पैसे वाचवण्यात मला अर्थ दिसला नाही.

राहिले दोन: रेलवर असलेले १००० आणि नवे ५५०, बॉशच्या ईव्ही-१४ बनावटीचे, हाय इम्पीडन्स. वरच्या टोकाला दोन्ही पुरतात. पूर्ण भारावर दर चक्राला प्रत्येक सिलिंडरला साधारण १०४ मायक्रोलिटर इंधन लागतं. ५५० चा इंजेक्टर मिलिसेकंदाला ९.१७ मायक्रोलिटर देतो, म्हणजे ११.३ मिलिसेकंद आणि उघडण्याचा उशीर धरून सव्वाबारा. ड्यूटी, म्हणजे चक्रातला वापरलेला वेळ, ७२ टक्के. उत्तम.

आता तीच गाडी आयडलला बघू. दीड लिटरचं इंजिन ८०० आरपीएमला तासाला साधारण एक लिटर पितं. एका चक्रात एका सिलिंडरच्या वाट्याला १०.४ मायक्रोलिटर. मूळ २४० च्या इंजेक्टरला त्यासाठी २.६ मिलिसेकंद लागतात, ५५० ला १.१४ आणि १००० ला ०.६२. बारीक गोष्ट इथे सुरू होते.

ईसीयूने करंट सोडल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष इंधन देऊ लागेपर्यंत उशीर होतो, आणि करंट तोडल्यावर सुई बसेपर्यंत थोडं इंधन जात राहतं. या दोन्हींचा निव्वळ फरक म्हणजे डेड टाइम. १४ व्होल्टला तो साधारण १ मिलिसेकंद असतो. व्होल्टेज उतरलं की चुंबक अशक्त होतो आणि डेड टाइम वाढतो, ११ व्होल्टला दीडपटीच्या घरात जातो. ईसीयूमध्ये याचा तक्ता भरावा लागतो. समजा त्यात ०.१ मिलिसेकंदाची चूक झाली. पूर्ण थ्रॉटलला ती एक टक्कासुद्धा भरत नाही, कोणाला पत्ताही लागत नाही. आयडलला मात्र ५५० मध्ये ती ९ टक्के होते आणि १००० मध्ये १६ टक्के. वखारीतल्या काट्यावर केशर तोलायला बसल्यासारखं आहे हे.

आणि तक्ता बरोबर असला तरी अडचण संपत नाही. फार छोट्या पल्सला, म्हणजे इंजेक्टर अगदी थोडा वेळ उघडला तर, आतली सुई पूर्ण वर जाण्याआधीच परत फिरते. तिथे वेळ आणि इंधन यांचं सरळ प्रमाण राहत नाही. चांगल्या उत्पादकाचे इंजेक्टर घेतले की या भागाचा वेगळा तक्ता मिळतो, आणि असे १००० सीसीचे इंजेक्टर लहान इंजिनावरही शांत आयडल देतात. ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे मोठा इंजेक्टर मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही. या गाडीवरच्या इंजेक्टरचा ना तक्ता होता ना बनवणाऱ्याचा पत्ता. आधीच्या ट्यूनरने सरसकट एक आकडा भरलेला दिसला, सगळ्या व्होल्टेजला तोच.

म्हणून ते काढून बेंचवर लावले. बेंच म्हणजे आपल्याकडे इंजेक्टर साफ करणाऱ्यांकडे असतो तोच, काचेच्या नळ्यांचा, फक्त दाब मोजायचा मीटर भरवशाचा हवा. पूर्ण उघडे ठेवल्यावर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी देणाऱ्यात ९ टक्क्यांचा फरक होता. दीड मिलिसेकंदाच्या पल्सवर तो दुपटीहून अधिक झाला, आणि क्रमही बदलला: पूर्ण उघडा असताना सर्वांत कमी देणारा इंजेक्टर छोट्या पल्सला दुसरा आला. अशा सेटला कोणताही तक्ता लागू पडत नाही. एक इंजेक्टर दाब ठेवून बंद अवस्थेत थेंब गाळत होता. गरम गाडी परत चालू करताना येणारा पेट्रोलचा वास, काळा प्लग आणि तेलात उतरलेलं पेट्रोल, सगळं त्याच्यापाशी येऊन थांबलं.

यातली सर्वांत धोक्याची गोष्ट आयडलची नव्हती. ती ९ टक्क्यांची होती. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सांगणारा लॅम्डा सेन्सर चारही सिलिंडरचा धूर एकत्र आल्यावर वाचतो, म्हणजे सरासरी दाखवतो. पडद्यावर ०.८० दिसत असताना (१ म्हणजे नेमकं मिश्रण, आकडा जितका खाली तितकं रिच) एक सिलिंडर ०.७७ वर आणि दुसरा ०.८४ वर चालू शकतो. ग्राफ सुरेख दिसतो आणि एक पिस्टन दर फेरीला जास्त तापत राहतो. मालक म्हणत होता की गाडी वर उत्तम पळते. ती पळत होतीच. पण दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगचं पोर्सलिन बाकी तिघांपेक्षा स्पष्ट पांढरं होतं, आणि बेंचवर सर्वांत कमी देणारा इंजेक्टर त्याच सिलिंडरचा होता. तो प्लग हातात दिल्यावर मोठ्या इंजेक्टरचा विषय मालकाने स्वतःहून सोडला.

५५० निवडल्यावरही सेट जसाच्या तसा बसत नाही. वरच्या ओ-रिंगचा व्यास होंडाच्या रेलला जुळला नाही, त्यासाठी अडॅप्टर लागले. उंची वेगळी असल्याने रेलखाली स्पेसर घालावे लागले. इथे घाई केली की ओ-रिंग चिरते आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल उडतं, म्हणून पंप चालू करून, इंजिन बंद ठेवून रेल सावकाश तपासली. सॉकेट वेगळं, तेही बदललं. फवारा दोन शंकूंचा घेतला. या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन इनलेट व्हॉल्व्ह आहेत आणि पोर्ट आत जाऊन दोघांत विभागतो. एकच सरळ धार मधल्या भिंतीवर आदळली तर इंधन भिंत ओली करत बसतं आणि थ्रॉटल उघडताना गाडी अडखळते. इंजेक्टर बसवताना तो फिरवून शंकू दोन्ही व्हॉल्व्हकडे येतील असाच लावायचा, हे बरेच जण विसरतात. नवा सेटही बेंचवर लावूनच घेतला, चौघांतला फरक दोन टक्क्यांच्या आत होता. नामांकित ब्रँडच्या नकला इतक्या हुबेहूब येतात की डब्यावरून मी कोणताच सेट मान्य करत नाही.

पंपाची तपासणी वेगळी केली. ३६३ चे चार, म्हणजे मिनिटाला सुमारे १.४५ लिटर, तासाला ८७ लिटर. आकडा छोटा वाटतो, पण तो ३.८ बारला मिळाला पाहिजे, कारण ०.८ बार बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, असताना रेग्युलेटरने रेलचा दाबही तेवढाच वर नेला पाहिजे. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी निघालेली असेल आणि रेलवर ३ बारच राहिले, तर इंजेक्टरच्या दोन टोकांमधला दाब २.२ वर येतो आणि प्रवाह १४ टक्क्यांनी घटतो. तोही नेमका बूस्टमध्ये. ती नळी आम्ही क्लॅम्पने पक्की केली. पंपाला बॅटरीपासून वेगळी रिले आणि जाड वायर दिली, कारण जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज पडतं आणि पंपाचा जोर तिथेच कमी होतो. टाकीपासूनच्या जुन्या रबरी नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरोइलास्टोमरच्या लावल्या आणि रेलच्या आधी नवा फिल्टर दिला. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, आणि तो सगळा इंजेक्टरकडे येतो.

डेड टाइमचा तक्ता उत्पादकाचा भरला, पण तो या गाडीवर पडताळून पाहिला. कारण ईसीयूला दिसणारं व्होल्टेज आणि इंजेक्टरच्या सॉकेटवरचं व्होल्टेज यांत फरक असतो. पद्धत साधी आहे. इंजिन गरम, लॅम्डाची आपोआप सुधारणा बंद, गाडी आयडलला. मग हेडलाइट लावायचे, रेडिएटरचा पंखा लावायचा, मागची काच गरम करायची. व्होल्टेज १४ वरून १३ च्या खाली येतं. लॅम्डा हलला नाही तर तक्त्याचा उतार बरोबर. आपल्याकडे तो पहिल्या फेरीत जरा लीनकडे सरकला, १२ आणि १३ व्होल्टचे आकडे किंचित वाढवले आणि तो स्थिर झाला.

दुसरी कसोटी मला जास्त आवडते. एका चक्रात एकदा इंजेक्ट करण्याऐवजी तेच इंधन दोन हप्त्यांत द्यायचं. दोनदा उघडायचं म्हणजे डेड टाइम दोनदा मोजला जातो. आकडा बरोबर असेल तर मिश्रण तसंच राहतं. जास्त भरला असेल तर रिच होतं, कमी असेल तर लीन. अर्थात दोन्ही हप्ते फार छोटे होऊ नयेत म्हणून हे आयडलला करायचं नाही, २५०० आरपीएमच्या आसपास हलक्या भारावर करायचं. व्होल्टेजचा उतार पहिल्या कसोटीत दिसतो आणि मूळ आकडा या दुसरीत. दोन्ही झाल्याशिवाय मी ईसीयूमधल्या इंधनाच्या मुख्य तक्त्याला, म्हणजे मॅपला, हात लावत नाही, कारण डेड टाइम चुकीचा असताना केलेला मॅप त्या चुकीवर रचलेला असतो आणि नंतर एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं.

आयडल ८५० वर बसला. मूळ गाडीइतका गुळगुळीत नाही, कॅम आणि एक्झॉस्टमुळे तो तसा होणारही नाही, पण हंटिंग गेलं. गरम गाडी पहिल्या सेल्फला चालू होऊ लागली. तेल बदललं. पूर्ण भारावर ड्यूटी ७३ टक्के दिसली, कागदावरच्या ७२ ला लागून.

ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रॅकवर फ्लॅटबेडवरूनच न्यायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं आहे. काम घेण्याआधी हे बोलून घेतलं होतं. पण म्हणून आयडलचं महत्त्व कमी होत नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या ठिकाणी ड्रॅग शर्यतीच्या रांगेत गाडी उन्हात उभी असते, पंखा सतत चालू, व्होल्टेज खाली, इंजिन तापलेलं. त्या रांगेत प्लग ओले झाले तर पुढे थ्रॉटल उघडून उपयोग नसतो.

मालकाला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरही जायचं होतं, त्यासाठी एक हिशेब आधीच करून ठेवला. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. बूस्टला मर्यादा घालणाऱ्या वेस्टगेटची स्प्रिंग ०.८ बार बूस्ट देते, ते बाहेरच्या हवेच्या वर. इथे एकूण १.७५ बार, चेन्नईला १.८१. म्हणजे काहीही न बदलता साडेतीन टक्के जास्त हवा आणि तेवढंच जास्त इंधन. ५५० च्या इंजेक्टरची ड्यूटी त्याने ७५ च्या जवळ जाते, ४५० वर ती ९० कडे गेली असती. मॅपमध्ये १.८१ बारच्या पुढच्या ओळी भरून ठेवल्या आणि ड्यूटी ८५ टक्क्यांवर गेली तर ईसीयू बूस्ट तोडेल अशी मर्यादा घातली.

निघताना मालकाने विचारलं, "दादा, उद्या ३०० करायचे ठरले तर हे परत बदलावे लागतील ना?" हिशेब तिथेच करून दाखवला. ३०० अश्वशक्तीला प्रत्येकी ४९५ सीसी लागतील. ३ बारला हा सेट त्यात कमी पडतो. मूळ दाब ४ बार केला तर ५५० चे ६३५ होतात आणि ड्यूटी ८४ टक्क्यांपर्यंत येते, म्हणजे अगदी काठावर. त्यासाठी पंपाला बूस्टसह ५ बारच्या आसपास काम करावं लागेल, आणि दाब बदलला की डेड टाइम बदलतो, म्हणून दोन्ही कसोट्या नव्याने घ्याव्या लागतील. पण त्याआधी या ब्लॉकचे स्लीव्ह आणि मूळ गिअरबॉक्स ३०० ला टिकतात का, हे बघायचं आहे.